चोवीस इंची मॉनिटर

"बत्तीसचा नको," चंद्रभान म्हणाले. "मान फिरवावी लागते. चोवीसचाच दाखवा."

दुकानदार दर्पण मूळचा दांडीचा, दुकान बोईसरला. त्यानं हौसेनं काढलेला मोठा वाकडा मॉनिटर पुन्हा खोक्यात ठेवला. "काका, गेमसाठी पायजे ना? मग मोठाच घ्या. मजा त्यातच हाय."

"मजेसाठी नको. चित्र रेंगाळता कामा नये. आणि अंधारात उभा असलेला माणूस आधी दिसला पाहिजे."

उषा नवऱ्याकडे बघतच राहिली. गेम म्हटलं की ज्यांच्या कपाळाची शीर उठायची, ते हेच का? कारखान्यातल्या कुणाला तरी विचारून आले असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. चंद्रभाननी दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावायला सांगितले, दोन्हींवर तोच खेळ चालवून घेतला आणि नवरी पसंत करावी तसे कितीतरी वेळ बघत उभे राहिले.

"पोराला का नाय आणला?" दर्पणनं विचारलं.

"तो पुण्याला असतो. त्याच्यासाठीच घेतोय."

उषाला भरून आलं. मुलाचा, सुजितचा विषय काढायला या माणसाला दोन वर्षं लागली होती.

दोन वर्षांपूर्वी चंद्रभान रात्रपाळी करून सकाळी घरी आले, तर सुजित रात्रभर जागून खेळतच बसलेला. त्या दिवशी त्याचा पेपर होता, तो बुडाला. शब्दानं शब्द वाढला आणि चंद्रभाननी त्याचा मॉनिटर उचलून गॅलरीतून खाली फेकला. सुजितनं त्याच दिवशी घर सोडलं. आता तो पुण्याला एका कॉल सेंटरमध्ये होता. दर रविवारी आईला फोन करायचा, पण बापाची चौकशी चुकूनही नाही. उषा मुद्दाम स्पीकर लावायची. चंद्रभान शेजारी पेपर धरून बसायचे आणि फोन संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तिच्या नशिबी असे दोन सुंभ आले होते.

अलीकडे चंद्रभान सुजितच्या जुन्या कॉम्प्युटरला भंगारातला एक पडदा जोडून आतल्या खोलीत दार लावून बसायचे. पाळी बदलली की बसायची वेळ बदलायची. कंपनीत सगळं कॉम्प्युटरवर आलंय, या वयात शिकायला हवं, असं ते सांगायचे. उषाला त्यांची दया यायची.

घरी येताच तिनं गावाकडून आलेल्या बिबड्या, सुजितचे आवडते ज्वारीचे पापड, डब्यात भरल्या. मॉनिटरबरोबर पुण्याला पाठवता येतील, आणि डबा बघून पोरगा कदाचित घरी यायचं मनावर घेईल, एवढीच तिची आशा होती. डबा घेऊन ती आतल्या खोलीत गेली, तर चंद्रभाननी खोकं फोडलं होतं. नवा मॉनिटर टेबलावर चालू होता आणि ते कानाला हेडफोन लावून बसले होते.

"अहो, पुण्याला पाठवायचा ना हा?"

त्यांनी चोरी पकडल्यासारखं वर पाहिलं. मग हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली.

"मास्तर, डावीकडे बघा," सुजित हसत म्हणत होता. "मास्तर, झोपलात का?"

उषा डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसली.

"याच मशीनमध्ये त्याचं खेळातलं नाव सापडलं," चंद्रभान हळू आवाजात म्हणाले. "माइक बंदच ठेवतो, बोललो तर आवाज ओळखेल. नुसतं टाइप करतो. नागपूरचा रिटायर्ड मास्तर आहे, असं सांगितलंय. पण जुन्या पडद्यावर समोरचा दिसायचाच नाही. माझ्यापायी त्याची टीम हरायची, आणि ती पोरं मला काढून टाका म्हणायला लागली होती." त्यांनी घाम पुसला. "त्याला सांगू नकोस. कळलं तर हेही जाईल."

उषानं मान हलवली. तिला रडू आलं, पण ते पुन्हा खेळात शिरले होते.

खेळ संपला आणि चंद्रभान दूध आणायला खाली उतरले. तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता, तरी सुजितचा होता. उषानं सवयीनं स्पीकर लावला.

"आई, स्पीकर बंद कर. पप्पा आहेत जवळ?"

दोन वर्षांनी त्यानं तो शब्द उच्चारला होता. उषानं स्पीकर बंद केला आणि ते खाली गेलेत म्हणून सांगितलं. पुढे तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

"नवा मॉनिटर घेतला ना त्यांनी? आज नेम लागत होता."

"तुला कुणी सांगितलं?" उषानं विचारलं.

"आई, रिटायर्ड मास्तराला कुठं शिफ्ट असते? पहिल्या महिन्यातच ओळखलं मी. त्यांना कळू देऊ नकोस, लाजून यायचे बंद होतील. सोमवारपासून त्यांची सेकंड शिफ्ट लागेल ना? मी माझी ड्यूटी बदलून घेतलीय."