दोन्ही चालू पाहिजेत

"दोन्ही चालू पाहिजेत," काकू म्हणाल्या. "टीव्हीला तोंड फुटलं पाहिजे आणि ही स्पीकरची पेटीही बंद पडता कामा नये."

मेकॅनिक टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसला होता. तिथे वायरींचं असं कडबोळं झालं होतं, की कोणती कुठून निघते आणि कुठे जाते याचा काही पत्ता लागत नव्हता.

"कोणी जोडलं हे?"

"पुतण्याने. नवा टीव्ही आणला, पेटीची वायर त्यात खुपसली आणि गेला. तेव्हापासून हा मुका झालाय."

"पेटी जोडली, की टीव्ही स्वतःचे स्पीकर बंद करतो, काकू. जावई बोलायला लागला, की सासरे गप्प बसतात ना, तसं."

काकू हसल्या नाहीत. त्यांचा एक कान आतल्या खोलीकडे होता. तिथे एक पोरगी घसा ताणून पाढा म्हणत होती. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे... सतरा पाचे..." गाडी तिथेच अडली आणि पुन्हा एकेपासून सुरू झाली. स्वयंपाकघरात भांडं खणकन पडलं, कोणीतरी बाई खळखळून हसली. मागच्या गॅलरीतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला आला.

"घर भरलेलं आहे तुमचं," मेकॅनिक म्हणाला.

"हो. कोणाचा ना कोणाचा आवाज असतो."

त्याला हेवा वाटला. अगदी सरळ, चारचौघांत कबूल करता येणार नाही असा हेवा. त्याच्या घराला तो सकाळी स्वतः कुलूप लावायचा आणि संध्याकाळी स्वतःच काढायचा. मधल्या वेळात ओट्यावरचा चमचासुद्धा जागचा हलत नसे. आई गेल्यापासून ताई मागे लागली होती, आमच्याकडे राहायला ये म्हणून. आज तिने निर्वाणीचं विचारलं होतं. तू येणार नसशील, तर तुझ्यासाठी ठेवलेली खोली आम्ही भाड्याने देऊन टाकतो, संध्याकाळपर्यंत काय ते सांग. तुझ्या पोरांचा गोंधळ मला झेपायचा नाही, असं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. खरं तर आपली कोणाला अडचण होईल, हीच भीती होती. पण ती बोलून दाखवणार कोणाला?

"सतरा पाचे... सतरा पाचे..."

"पंच्याऐंशी!" मेकॅनिकने बसल्या जागेवरून आवाज दिला.

मग पोरीने पुन्हा सतरा एकेपासून सुरुवात केली.

"हट्टी दिसतेय."

"फार," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "माझी नात."

त्याने पेटीची वायर शोधून काढली. "मागचे स्पीकर कुठे आहेत? खरं तर इथे हवेत, सोफ्याच्या मागे."

"मुलाने हे घर घेतलं, तेव्हाच आतल्या खोल्यांत लावून टाकले. कुठेही बसलं तरी गाणी ऐकू यावीत म्हणून. त्याची हौस."

"आत जाऊन बघून येऊ?"

"नको," काकू घाईने म्हणाल्या. "माणसं आहेत."

बरोबर होतं. परक्या माणसाने उगाच कशाला शिरायचं? तो पुन्हा टीव्हीकडे वळला. पडद्यावर एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा याद्या उघडत गेला. कंपनीने हवी ती सोय अशा ठिकाणी दडवून ठेवली होती, की शोधणाऱ्याने कंटाळून नाद सोडावा. पण तो चिवट होता. त्याने बरोबर तेवढीच एक खूण बदलली, आणि टीव्हीतली बाई हवामान सांगायला लागली.

काकूंचा चेहरा खुलला. "पेटी चालू आहे ना?"

"दिवा तर लागलेला आहे."

"मग तिला अजिबात हात लावू नका. बसा, चहा टाकते. नाहीतरी सगळ्यांच्या चहाची वेळ झालीच आहे."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पुन्हा भांडं खणकन पडलं, पुन्हा ते खळखळून हसणं आलं. सून धांदरट असावी आणि सासू सांभाळून घेणारी. मेकॅनिकने खिशातून फोन काढला.

"ताई, मी येतोय. खोली देऊ नकोस कोणाला."

पलीकडे पोरं किंचाळत होती. "नीट विचार केलास ना? इथे हा असा बाजार असतो!"

"असू दे," तो म्हणाला. "असू दे गं."

आवराआवर करून तो उठला, तसा पेटीचा रिमोट समोर दिसला. जोडलेलं वाजवून दाखवल्याशिवाय तो आजवर कोणत्याही घरातून निघाला नव्हता. काकू हात लावू नका म्हणाल्या होत्या, पण गिऱ्हाइकं तसं म्हणतातच. बिघडेल म्हणून घाबरतात. पेटी टीव्हीऐवजी पेन ड्राइव्हवर लावलेली दिसत होती. त्याने ती टीव्हीवर घेतली.

पाढा मध्येच तुटला.

आणि आतल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, मागच्या गॅलरीतून एकच बाई एका सुरात सांगू लागली, की उद्या हवा कोरडी राहील.

काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रेमध्ये दोनच कप होते.

"दादा, परत होतं तसं करा ना," त्या हळूच म्हणाल्या. "तिचा पाढा अर्धा राहिलाय."