भोंग्यावर जागा होणारा प्राणी

भोसरीतली कंपनी बंद पडल्यापासून भोंगा वाजत नव्हता. भोंग्यावरच उठायची सवय असलेला तिचा नवरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, कुणाशी बोलायचा नाही. ती मात्र रोज सकाळी डबा भरून त्याच्या उशाशी ठेवायची, न जाणो भोंगा वाजला तर. त्या दुपारी डाळ घोटताना तिला गणपतीत मैदानावर पाहिलेला जंगलाचा माहितीपट आठवला. त्यात अजगर हलतच नव्हता आणि पडद्यामागचा माणूस भारदस्त आवाजात बोलत सुटला होता. तिने रवी माइकसारखी तोंडापाशी धरली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, ते आज सोयीचंच झालं. "हा फर्स्ट शिफ्ट जातीचा नर. भोंगा ऐकून जागा होतो, डबा उचलतो आणि दिसेनासा होतो. सध्या निपचित आहे. आपण वाट पाहू." "अगं, चावंल की त्यो!" दारातली शेजारीण हसली. भिंतीकडे वळलेली पाठ मात्र हलली नाही. "आपण अजून वाट पाहू," ती म्हणाली आणि रवी पुन्हा डाळीत घातली. तेवढ्यात भिंतीकडूनच तसाच भारदस्त आवाज आला. "ही मादी. सगळ्यांना वाढून झालं की रिकाम्या पातेल्यात पळी वाजवते. नराला वाटावं, हीसुद्धा जेवली." तो उठून बसला. उशाशी ठेवलेला डबा उघडून त्याने तिच्यापुढे सरकवला. ती पाहतच राहिली. "मादी बिचकलेली आहे," तो हळूच म्हणाला. "आपण वाट पाहू."