टॉवेलाखालचा हात

टॉवेलाखाली बोटं दाबता दाबता धनाजी थांबला. आटपाडीच्या बाजारात मेंढरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागत नाही. मेंढरं विकायला आलेल्या याकूबचा हात मात्र लटलट कापत होता. म्हातारा अडलाय, असं धनाजीनं ताडलं आणि मघाशी धरलेलं एक बोट गुपचूप सोडून दिलं.

याकूबनं हात हिसकून घेतला. "भाव पाडतूस व्हय रं?"

"तुमचा हातच सांगतुया की, याकूबभाई. इकायची लय घाई झालीया."

"मला कसली घाई? न्हाई इकायची जा."

याकूबला झोंबलं ते भावाचं नव्हतं. उभ्या जन्मात या हातानं मनातलं कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि आज मनात नव्हतं तेही तो सांगत सुटला होता. असला हात घेऊन व्यापार करायचा तरी कसा?

मागं मेंढरं धरून बसलेली त्याची बायको अख्तरबी उठली, ती तडक पानपट्टीवर गेली. सिगारेटपायी तिनं नवऱ्याशी जन्मभर भांडण केलं होतं. यंदा रमजानात त्यानं ती सोडली, ईद झाली तरी पुन्हा धरली नाही, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण तेव्हापासूनच हात कापायला लागले. छाती धडधडते, झोप नाही, खाल्लेलं पोटात ठरत नाही. आज तिनंच एक सिगारेट आणून त्याच्यापुढं धरली.

"वडा. सोडल्यापास्नंच सुरू झालंय ह्ये."

याकूबनं ती घेतली. तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोला. तरी पेटवली नाही.

"आदी डाक्टरीणबाईला इचारू," तो म्हणाला.

मेंढरं धनाजीच्याच हवाली करून दोघं बाजाराच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात गेली. याकूबच्या दम्यावर डॉक्टर राजेश्वरीचंच औषध चालू होतं. तिनं नाडी धरली आणि कपाळाला आठी घातली.

"गोळ्या किती घेता?"

"येका टायमाला दोन. पयली येक हुती, लय वर्सांमागं तुमीच दोन केल्या," अख्तरबी म्हणाली. "मी सोता देते. येकबी चुकवली न्हाई."

"आणि सिगारेट?"

"सोडली की! रमजानातच."

डॉक्टरीण खुर्ची पुढं ओढून बसली. "अहो, मग हे आधी सांगायचं! म्हणजे मीही विचारायला हवं होतं. सिगारेटच्या धुरानं लिव्हर जोरात कामाला लागतं आणि हे औषध भराभर संपवून टाकतं."

"लिव्हर मंजी कलेजी?" याकूबनं विचारलं. बकऱ्याची कलेजी त्यानं पुष्कळ पाहिली होती, तिचं काम मात्र आज कळत होतं.

"कलेजीच. म्हणून तुम्हाला एका गोळीचा गुण येईना, मी दोन केल्या. आता धूर बंद झाला, लिव्हर निवांत झालं, गोळ्या मात्र दोनच राहिल्या. त्या अंगात साठल्यात."

"मंजी वडली, तर हात थांबल?"

"थांबेल," ती खरं तेच बोलली. "पण दमा उरावर बसेल. त्यापेक्षा आज गोळी बंद ठेवू. रक्त सांगलीला तपासायला पाठवते, मग बहुतेक एकच पुरेल."

याकूबनं सिगारेट मोडून कोपऱ्यातल्या बादलीत टाकली आणि मोठ्यानं हसला. हात अजून कापतच होता, पण आता त्याची लाज वाटत नव्हती.

अख्तरबी हसली नाही. ती टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडं बघत राहिली होती.

"मंजी बाई," ती हळूच म्हणाली, "इतकी वर्सं येक गोळी मी ह्यास्नी देत हुते, आन् येक त्या सिगरेटीला?"