पेल्यातले फुटवे

"अण्णा, सगळं खुडलंत?" सुनेच्या हातातली पाण्याची झारी तशीच राहिली.

गॅलरीतल्या कुंडीत तिच्या हौसेच्या बुटक्या टोमॅटोचा नुसता दांडा उरला होता. सखाहरीअण्णांनी जन्मभर शेतात तारेवर टोमॅटो चढवला, पानांच्या बगलेत फुटणारे कोंब, म्हणजे फुटवे, काढले. हे रोप झुडपासारखंच वाढू द्यायचं असतं, हे त्यांना कुठं ठाऊक?

"इथं माझा काही उपयोग नाही," म्हणत त्यांनी पुढच्या रविवारी गावी जायला पिशवी भरून ठेवली. खुडलेले फुटवे मात्र टाकवेनात, म्हणून पेल्यातल्या पाण्यात उभे केले.

रविवारी सुनेनं पेला उचलला. पाचही फुटव्यांना पांढरी मुळं सुटली होती.

तिनं अण्णांचे कपडे परत कपाटात ठेवले, रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली.

"चला नर्सरीत. पाच कुंड्या काही मला एकटीला उचलवणार नाहीत."