वडिलांचं नाव

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या सोपान गायकवाडला अटक, अशी बातमी पेपरात आली आणि शाळेनं आपला व्हॅनचालक सोपान गायकवाड याला कामावरून काढलं. अटक झाली त्या दिवशी तो घरीच होता, पण कुणी ऐकेना. तो खचून बसला. त्याची बायको वत्सला मात्र तडक कोर्टात गेली.

"नाव तर हेच आहे, बाई," संगणकात बघून कारकून म्हणाला.

"वडिलांचं नाव वाचा."

"किसन."

"माझे सासरे महादू. या केसची सही-शिक्क्याची नक्कल द्या."

आठवड्यानं मिळालेली नक्कल वाचून मुख्याध्यापक ओशाळले. "उद्यापासून पाठवा सोपानला."

वत्सला जागची हलली नाही. "आधी पालकांना बोलवा, सर. बातमी सगळ्यांनी वाचलीय. आता हा कागद त्यांना तुम्ही वाचून दाखवा. मग आमचे हे येतील कामावर."