इंजिन बंद पडलं नव्हतं

“ह्या काय लिवलात, साहेब? माझा इंजिन बंद पडला?” धाकू मयेकरांनी टाइप केलेला कागद ओट्यावर आपटला.

नौदलाचा तो तरुण अधिकारी महायुद्धातल्या रक्षक जहाजाचा इतिहास लिहीत होता, आणि त्या जहाजाच्या इंजिनघरातले आता एकटे धाकूच उरले होते.

“काका, कप्तानाच्या नोंदवहीतच आहे. यंत्र बिघडलं, जहाज सात मिनिटं थांबलं.”

“बिघडूक नाय. मी थांबवलंय.”

त्या दुपारी ताफ्यातली मालवाहू बोट पाणबुडीने बुडवली होती. बुडणाऱ्यांसाठी थांबायचं नाही, असा सक्त हुकूम होता. पाळीवर जाताना धाकूंनी पाण्यात हात हलवणारी माणसं पाहिली, आणि खाली उतरून सरळ चाक फिरवून इंजिनाची वाफ बंद केली. वरच्यांनी दोर टाकले. अकरा जण वर आले.

हे ऐकून अधिकाऱ्यानं आवाज खाली आणला. “म्हणजे कप्तानानं तुम्हाला वाचवायलाच बिघाड लिहिला. काका, पाणबुडी तिथंच होती. जहाजावरची दीडशे माणसं गेली असती. हे छापलं तर नौदलानं ठरवलेला तुमचा सत्कार रद्द होईल.”

“त्या दीडशांत मी तळाक होतंय. पयलो मीच बुडलो असतंय.”

अधिकारी पेन खिशात ठेवू लागला. धाकूंनी ते काढून घेतलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं : ‘इंजिन उत्तम होते. मी थांबवले.’ खाली पूर्ण नाव, गाव आणि नोकरीचा नंबर घातला.