बाईसाहेबांची कात

काचेच्या पेटीत बाईसाहेब उताण्या पडल्या होत्या. आठही पाय वर. ताई दारातच थबकली आणि तिच्या हातातली किल्ली खाली पडली.

बाईसाहेब म्हणजे तिच्या धाकट्या भावाने पाळलेला टॅरंटुला जातीचा कोळी. तळहाताएवढी, केसाळ, काळी मादी. भाऊ आठ दिवस हॉस्पिटलात होता. आज दहा वाजता त्याच्या पोटातली गाठ काढायची होती, आणि सकाळी त्याने हट्टच धरला होता. "भावोजी आहेत ना माझ्यापाशी. तू खोलीवर जाऊन तिला डोळ्यांनी बघून ये. मगच मी आत जातो."

आता याला काय सांगायचं? ती विचार करतेय तोच फोन वाजला.

"बघितलंस?"

"हो."

"कशी आहे?"

तिला खोटं बोलायचं होतं, पण जीभ वळली नाही. "उताणी पडलीय रे."

मग त्याने विचारलं, "पाय पोटाशी घेतलेत, की पसरलेत?"

"पसरलेत."

"मग मेलेली नाही. मरताना पाय आखडून घेतात. ती कात टाकतेय. पेटीला धक्का लावू नकोस. आणि किडे? किडे कुठे आहेत?"

ताई दोन पावलं पुढे गेली. पेटी साफ राहावी म्हणून भावाने तिच्यात करडे, खवल्याखवल्यांचे किडे सोडले होते. मसुराएवढे. हात लागला की अंगाची गोळी करणारे. बुरशी, घाण, उरलंसुरलं सगळं खाऊन टाकायचे. 'आमचं सफाई खातं' म्हणायचा तो. एरवी मातीत दडून असणारे ते किडे आज वर आले होते.

"तिच्या अंगाशी आलेत," ती म्हणाली. "सहासात तरी आहेत."

"असं कसं? काकडी घालतेस ना त्यांना? पोट भरलेलं असलं की ते तिच्या वाटेला जात नाहीत."

रोज संध्याकाळी तो हेच विचारायचा, आणि रोज ती हो म्हणायची. खरं तर आठ दिवस ती दारातूनच डोकावून, कुलूप लावून परत गेली होती.

"नाही घातली," ती म्हणाली. "झाकण उघडायची हिंमत झाली नाही. तुला रोज खोटं सांगितलं."

तो चिडेल म्हणून तिने फोन कानापासून जरा लांब धरला. पण तो चिडला नाही. अगदी हळू म्हणाला, "ताई, मलाही आत जायची हिंमत होत नाहीये. भावोजींना नाही सांगितलं."

लहानपणापासून अशा वेळी तिच्याकडे एकच शब्द असायचा, भिऊ नकोस. आज तो तिला म्हणवेना.

"नवी कातडी लोण्यासारखी असते," तोच घाईने सांगू लागला. "उपाशी किडे ती कुरतडतात. टेबलाच्या खणात लांब चिमटा आहे. एकेक उचलून..." मागून नर्सचा आवाज आला, फोन द्या आता. आणि लाइन कट झाली.

ताईने खण उघडला. शिवणकाम करणारी बाई, सुईत दोरा ओवायला तिला कधी दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागत नसे. आज चिमट्याची दोन टोकं जुळेनात. तिने शेजारी एक वाटी ठेवली आणि झाकण काढलं. पहिला किडा चिमट्यात येताच त्याची गोळी झाली आणि घरंगळून थेट त्या काळ्या पोटापाशी गेली. दुसऱ्या खेपेला तो वाटीत पडला. मग दुसरा. मग तिसरा.

दहा वाजून गेले. आता त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं असेल. त्यापुढे तिने मनाला जाऊ दिलं नाही.

एक उचलला की मातीतून दोन वर येत होते. चिमटा पायांच्या फार जवळ जायला लागला, तेव्हा तिने तो खाली ठेवला. डोळे मिटले, उघडले, आणि डावा हात आत घालून मातीत आडवा रोवला, पाटाच्या पाण्याला बांध घालावा तसा. किडे हातापाशी येत, मिशांनी चाचपत, तिथेच घुटमळत. उजव्या हाताने ती एकेक टिपत राहिली.

बाराच्या सुमाराला बाईसाहेबांची कात कडेने उकलली. घट्ट बाहीतून हात ओढावा तसा एकेक पाय जुन्या कातडीतून बाहेर येऊ लागला, फिकट, ओला. त्यातला एक ताईच्या अंगठ्याला टेकला. ती ओरडली नाही, कारण ओरडायला श्वासच नव्हता. हात मात्र होता तिथेच राहिला.

फोन वाजला. नवऱ्याचा.

"झालं," तो म्हणाला. "गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर येतोय. तू आहेस कुठे? लगेच निघ."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"येते," ती म्हणाली. "अजून एक पाय आत अडकलाय."

"कुणाचा?"

तिने फोन बाजूला ठेवला. तिच्या डाव्या मनगटावरून एक किडा सावकाश कोपराकडे चढत होता. तिने त्याला चढू दिलं.